रॅम डिस्क : स्मृतीतली तबकडी



केशवसुतांच्या या गावात वसंतातल्या संध्याकाळी कोणी व्याख्यानाला उभा राहिला, तर तो कवितेवर बोलेल अशी अपेक्षा करणे स्वाभाविक आहे. माझा विषय त्या मानाने रुक्ष आहे. संगणकाच्या स्मृतीचाच एक भाग तबकडी म्हणून वापरायचा आणि रेंगाळणाऱ्या प्रोग्रामांना वेग आणायचा, या युक्तीला रॅम डिस्क म्हणतात. ती काय आहे, केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा घात करते, एवढेच मला सांगायचे आहे. विषय रुक्ष असला तरी तो आता परका राहिलेला नाही. ग्रामपंचायतीत संगणक आहे, पतपेढीत आहे, शाळेत आहे, आणि आंब्याच्या दिवसांत मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या पाठपिशवीतही आहे. 'संगणक फार हळू चालतो हो,' ही तक्रार या सर्व ठिकाणी सारखीच ऐकू येते. तेव्हा हळू चालतो म्हणजे नेमके काय होते, तेथूनच आरंभ करू.

कोकणातले एखादे जुने घर डोळ्यांपुढे आणा. गृहिणी चुलीपुढे बसली आहे. मिसळणाचा डबा तिच्या हाताशी आहे. मोहरी, हळद, हिंग न पाहताही तिला सापडते. डाळ-तांदूळ चार पावलांवरच्या फडताळात आहेत. वर्षाची बेगमी मात्र माळ्यावर आहे, आणि तेथे जायचे तर शिडी लावावी लागते. आता समजा, दर चिमूटभर मिठासाठी या बाईला माळ्यावर चढावे लागले, तर स्वयंपाकाला दुपार होईल. तिचा हात कितीही चपळ असला तरी काही उपयोग नाही. उशीर होतो तो हाताने नव्हे, शिडीने.

संगणकाची रचना पुष्कळशी अशीच आहे. आकडेमोड करणारा प्रोसेसर म्हणजे ती गृहिणी. त्याच्या पोटातच 'कॅश' नावाची अगदी लहान स्मृती असते; तो मिसळणाचा डबा. त्याच्या शेजारी 'रॅम' ही मुख्य स्मृती असते, ते फडताळ. आणि आपल्या फायली, छायाचित्रे, पत्रे जिथे कायमची राहतात ती हार्ड डिस्क म्हणजे माळा. ही डिस्क खरोखरच फिरती तबकडी असते. ग्रामोफोनच्या सुईसारखा एक हात तिच्यावरून मागेपुढे सरकतो आणि हवी ती जागा आपल्याखाली येण्याची वाट पाहतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी धरली, तर एका फेऱ्याला सुमारे ८.३ सहस्रांश सेकंद लागतात. हाताच्या सरकण्याचा वेळ धरून एका खेपेला ठोकळमानाने दहा सहस्रांश सेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग लागतो असे समजा.

सेकंदाचा शंभरावा भाग आपल्याला नगण्य वाटतो, कारण आपण माणसाच्या मापाने मोजतो. यंत्राच्या मापाने मोजून पाहा. रॅममधून एखादी गोष्ट आणायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. हा वेळ ताणून आपण एक सेकंद मानला, म्हणजे फडताळातला डबा काढायला एक सेकंद लागला असे धरले, तर फिरत्या तबकडीवरून तीच वस्तू आणायला सुमारे अठ्ठावीस तास लागतील. एस.टी.ने मुंबईला जावे, दादरचे काम उरकावे आणि परत मालगुंडला यावे, असा हा हिशेब आहे. अलीकडच्या एसएसडी नावाच्या साठवणपेटीत फिरता भाग नसतो. तिला सुमारे शंभर मायक्रोसेकंद लागतात. आपल्या ताणलेल्या मापाने सतरा मिनिटे, म्हणजे शेजारच्या वाडीत जाऊन वस्तू मागून आणण्याइतका वेळ. ही सुधारणा प्रचंड आहे यात शंका नाही. तथापि एक सेकंद आणि सतरा मिनिटे यांतले अंतरही काही थोडे नव्हे.

यावर कोणीही सुज्ञ मनुष्य विचारील की, मग सगळे सामान फडताळातच का ठेवू नये? याच प्रश्नातून रॅम डिस्क जन्माला आली. परंतु मध्ये एक अडचण होती. बहुतेक प्रोग्रामांना फाईल हवी असली की ती 'माळ्यावरून', म्हणजे डिस्कवरून नावाने मागण्याची सवय लावलेली असते. प्रत्येक प्रोग्राम नव्याने लिहिणे शक्य नसते. म्हणून युक्ती अशी केली की, फडताळाचाच एक कप्पा मोकळा करायचा आणि त्यावर 'माळा' अशी चिठ्ठी डकवायची. प्रोग्राम पूर्वीसारखाच माळ्यावरून वस्तू मागतो. त्याला ती मिळते मात्र हाताशेजारून. प्रोग्रामात एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही.

ही युक्ती घरगुती संगणकांवर आली त्याला आता चार दशके उलटून गेली. १९७९-८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये 'सिलिकॉन डिस्क सिस्टिम' या नावाने ती निघाली. त्या काळी लहान संगणकांना बहुधा हार्ड डिस्क नसेच; सारा कारभार फ्लॉपीवर चाले. फ्लॉपी मिनिटाला तीनशे फेरे घेई, म्हणजे नुसत्या एका फेऱ्याला सेकंदाचा पाचवा भाग लागे. अशा यंत्रावर स्मृतीतली तबकडी म्हणजे बैलगाडीतून उतरून आगगाडीत बसण्यासारखेच होते. १९८४ साली आयबीएमच्या पीसी-डॉसच्या तिसऱ्या आवृत्तीत 'व्हीडिस्क' या नावाने ही सोय मूळ यंत्रणेतच आली. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये पुढे 'रॅमड्राइव्ह' आले. आज लिनक्समध्ये 'टीएमपीएफएस' नावाची अशी सोय असते. तिचा गुण हा की ती जितके सामान ठेवाल तितकीच जागा अडवते, आणि मर्यादा सांगितली नाही तर यंत्रातल्या रॅमच्या निम्म्याहून अधिक जागा घेत नाही. विंडोजवर मात्र त्यासाठी बहुधा वेगळा प्रोग्राम बसवावा लागतो.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कारण पुस्तकी ज्ञानापेक्षा तोच मला अधिक शिकवून गेला. एका ग्रंथालयात जुन्या मासिकांच्या बांधीव फायली संगणकावर उतरवण्याचे काम आम्ही काही मंडळींनी अंगावर घेतले होते. पानांची छायाचित्रे घ्यायची आणि ती प्रोग्रामकडून वाचवून त्यांचा मजकूर करायचा, असे ते काम. कागद इतके जीर्ण झालेले की, एकदा उलटलेले पान दुसऱ्यांदा उलटण्याचा धीर होऊ नये. यंत्र जुने, आठ गिगाबाइट रॅमचे, फिरत्या तबकडीचे. एक पुस्तक लावले की आम्ही चहा घेऊन येत असू, तरी ते चाललेलेच असे.

शेवटी मी नवे यंत्र मागण्याच्या बेतात होतो. तेव्हा आमच्यातलीच अभियांत्रिकी शिकणारी एक मुलगी म्हणाली, "काका, यंत्र मंद नाहीये. ते नुसतं वाट बघत बसलंय." तिने पडद्यावर आलेख काढून दाखवले. प्रोसेसर अर्धाअधिक वेळ रिकामा होता आणि डिस्क मात्र शंभर टक्के गुंतलेली होती. आमचा प्रोग्राम प्रत्येक पानाच्या ओळी कापून एकेका ओळीची एकेक लहान फाईल करत असे. दोनशे पानांचे पुस्तक आणि पानावर तीस ओळी धरल्या, तर सहा हजार फायली झाल्या. त्या करायच्या, वाचायच्या, त्यांचा मजकूर लिहायचा आणि शेवटी पुसायच्या. प्रत्येक वेळी फाईल एका जागी, तिचे नाव दुसऱ्या जागी आणि नोंदवहीतली नोंद तिसऱ्या जागी. म्हणजे दर फायलीमागे दर टप्प्याला निदान तीन खेपा. सहा हजार गुणिले तीन गुणिले सेकंदाचा शंभरावा भाग : एका टप्प्याला तीन मिनिटे, चार टप्प्यांना बारा. यंत्रणा काही खेपा एकत्र बांधते, त्यामुळे हा हिशेब ढोबळच आहे. पण रोग कोठे आहे ते त्यावरून कळते. तिने ओळींच्या फायलींचा तो फोल्डर तेवढा स्मृतीत हलवला. कापण्याचे आणि पुसण्याचे काम पाहता पाहता होऊ लागले.

पण आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ओळीतली अक्षरे ओळखण्याचा जो मुख्य टप्पा, तो काही केल्या पूर्वीइतकाच वेळ घेई. कारण उघड आहे. तेथे यंत्र वाट पाहत नव्हते. तेथे ते खरोखरच डोके चालवत होते. मीठ हाताशी आणून ठेवले म्हणून डाळ लवकर शिजत नाही. जीन अमडाल या संगणकशास्त्रज्ञाने १९६७ साली याच तत्त्वाची मांडणी केली, आणि ती आज त्याच्या नावाने ओळखली जाते. समजा काम चाळीस मिनिटांचे आहे आणि त्यातली बारा मिनिटे तबकडीची वाट पाहण्यात जातात. तबकडीचा वेग अनंत केला तरी अठ्ठावीस मिनिटे उरणारच. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा की, आपले काम खरोखरच तबकडीपाशी अडले आहे काय?

या प्रश्नाला एक पोटप्रश्नही आहे. आजच्या संगणकांची मूळ यंत्रणा आपण न सांगताही रिकाम्या रॅमचा उपयोग करत असते. एकदा वाचलेली फाईल ती रॅममध्ये ठेवून देते, की न जाणो, पुन्हा लागली तर. एखादा मोठा प्रोग्राम सकाळी पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो आणि बंद करून लगेच उघडला तर चटकन उघडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे, ते यामुळेच. तेव्हा त्याच त्या फायली पुनःपुन्हा वाचायच्या असतील, तर रॅम डिस्क करून फारसे काही हाती लागत नाही. सुगरण बाईने लागणारे डबे आधीच खाली आणून ठेवलेले असतात. रॅम डिस्कचा खरा लाभ दोन ठिकाणी दिसतो. हजारो लहान फायली क्षणभरासाठी जन्माला येऊन मरतात तेथे. आणि 'लिहिलेले डिस्कवर पक्के पोहोचले असे कळल्याखेरीज मी पुढे जाणार नाही' असा हट्ट एखादा प्रोग्राम दर पावलाला धरतो तेथे.

दुसरा प्रश्न जागेचा. त्या यशाने आम्हांला जरा चढल्यासारखे झाले आणि आम्ही ओळींबरोबर पानांची चित्रेही स्मृतीत ठेवू लागलो. एफोर मापाचे एक पान इंचाला तीनशे बिंदू या हिशेबाने करड्या रंगात उतरवले, तर आडवे २,४८० आणि उभे ३,५०८ बिंदू होतात. म्हणजे न दाबलेल्या रूपात पाऊणेनऊ मेगाबाइटच्या आसपास. दोनशे पानांचे पावणेदोन गिगाबाइट झाले. पान सरळ करणे, डाग काढणे, काळे-पांढरे करणे अशा पायऱ्यांवर प्रत्येक वेळी नवी प्रत निघाली, तर सात गिगाबाइटची मजल सहज जाते. आणि यंत्रात सारी मिळून आठच. तेव्हा ऊतू जाणारे सामान यंत्रणा निमूटपणे हार्ड डिस्कवरच्या अदलाबदलीच्या जागेत सरकवू लागली, आणि सारा कारभार पहिल्याहूनही मंद झाला. फडताळ इतके भरले की चालायला वाट उरली नाही, आणि डबे अंगणात मांडावे लागले! उपाय सोपा होता. पुस्तक एकदम न घेता वीस-वीस पाने घ्यायची, काम झाले की पसारा आवरायचा, मग पुढची वीस.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो आम्ही विचारलाच नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक मोठे गणकयंत्र तयार झाले आणि १९६० साली ते कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफरॅक' हे नाव दिले. त्याच्या मुख्य स्मृतीत चाळीस बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या भाषेत अवघे दहा किलोबाइट. देवनागरीचे एक चिन्ह साठवायला आज बहुधा तीन बाइट लागतात, तेव्हा हे भाषणसुद्धा त्या यंत्रात मावले नसते. आमच्या ग्रंथालयातल्या त्या जुनाट यंत्राची रॅम त्याच्या आठ लाख पटींहून अधिक होती. पण टिफरॅकच्या स्मृतीत एक गुण होता. ती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येक कडे एका दिशेने किंवा उलट दिशेने चुंबकित होऊन राही, आणि वीज गेली तरी चुंबकत्व जात नसे.

आजची रॅम तशी नाही. १९६८ साली अमेरिकेत रॉबर्ट डेनार्ड यांना जिचे पेटंट मिळाले, त्या पद्धतीची ती आहे. तिच्यात एकेक बिट म्हणजे विजेचा अतिसूक्ष्म साठा, आणि हा साठा सतत गळत असतो. गळक्या घागरीत पाणी टिकवायचे तर ती पुनःपुन्हा भरावी लागते. तशी ही प्रत्येक घागर साधारणपणे दर चौसष्ट सहस्रांश सेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा भरली जाते. आठ गिगाबाइट म्हणजे अशा सुमारे ६,९०० कोटी घागरी! ही योजना इतकी स्वस्त आणि आटोपशीर ठरली म्हणूनच एवढी स्मृती आपल्या मांडीवरच्या यंत्रात मावते. परंतु पाणी भरणारा हात थांबला, म्हणजे वीज गेली, की क्षणार्धात सर्व घागरी रिकाम्या. आणि चिठ्ठी 'माळा' अशी लावली म्हणून फडताळ माळा होत नाही.

आमच्याकडे तेच झाले. यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका राहत. जोडाक्षरे बिघडत, अनुस्वार हरवत. एक निवृत्त शिक्षक रोज दुपारी येऊन मूळ पान शेजारी धरून ओळन् ओळ तपासत आणि दुरुस्त करत. दुरुस्तीचा फोल्डर कोठे ठेवायचा हे मी ठरवले होते. आणि सगळेच वेगाने चालते म्हणून तोही मी स्मृतीतच ठेवला होता. पावसाळ्याच्या तोंडावर एके दिवशी वादळी वारा सुटला आणि वीज गेली. बॅटरीची पेटी होती, पण ती केव्हाच थकलेली. दिवे परत आले तेव्हा पानांची छायाचित्रे जागच्या जागी होती. ओळींच्या सहा हजार फायली गेल्या होत्या. त्या यंत्राने पुन्हा केल्या असत्या. गुरुजींची दुपारभराची नजर मात्र गेली होती. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी तीच पाने पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासायला घेतली. मला ते पाहवले नाही. यंत्राचा वेळ वाचवण्याच्या नादात मी माणसाचा वेळ पणाला लावला होता, आणि तोही त्यांना न विचारता.

म्हणून तिसरा प्रश्न : आत्ता या क्षणी वीज गेली, तर जे जाईल ते पुन्हा करता येण्याजोगे आहे काय? यंत्राने केलेले असेल आणि यंत्र पुन्हा करू शकत असेल, तर ते खुशाल रॅम डिस्कवर ठेवावे. माणसाच्या हाताचे, डोळ्याचे, विचाराचे असेल, तर त्याची जागा टिकाऊ तबकडीवर, आणि शक्य तर त्याची एक प्रत दुसऱ्या गावी. दोन्हींची सरमिसळ होणारच असेल, तर दर काही मिनिटांनी स्मृतीतला फोल्डर डिस्कवर उतरवून घेणारा लहानसा प्रोग्राम लावून द्यावा. तो लावणे फार अवघड नाही. मी तो लावला, पण दुसऱ्या दिवशी.

आपण किनाऱ्यावर राहणारी माणसे आहोत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती. वीज जाणे हा येथे अपवाद नव्हे. ती जाणार असे धरूनच घरात कंदील ठेवायचा असतो. संगणकाच्या बाबतीतही तेच धोरण बरे. वेग हवाच. ज्याला रोजची शंभर पाने निपटायची आहेत त्याला वेगाचे महत्त्व मी सांगायला नको. वस्तू कोठे ठेवली आहे यावर कामाचा वेग अवलंबून असतो, आणि लागणारी वस्तू जवळ आणली तर जुने यंत्रही पुष्कळदा नव्यासारखे चालते. नव्या यंत्राचा खर्च वाचतो. पण जे सर्वांत जवळ आहे तेच सर्वांत आधी विसरले जाते, ही त्या वेगाची किंमत आहे.

जाता जाता केशवसुतांकडे वळतो. १९०५ साली हुबळीला प्लेगने त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांच्या कवितांचा संग्रह निघालेला नव्हता. कविता नियतकालिकांतून छापलेल्या होत्या, कागदावर उतरलेल्या होत्या. म्हणूनच पुढे हरि नारायण आपट्यांना त्या गोळा करून पुस्तकरूपाने प्रसिद्ध करता आल्या. कवीच्या मनात त्या किती वेगाने आल्या असतील कोणास ठाऊक. आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या मात्र कागदाच्या संथ वाटेने. आपल्या ग्रंथालयांतल्या जुन्या फायली आज यंत्रात उतरवणाऱ्या तरुण मंडळींनी एवढे ध्यानात ठेवले, तर माझ्या हातून गेलेली गुरुजींची ती दुपार अगदीच फुकट गेली असे होणार नाही.